स्वतःचा ब्लॉग आणि घरची प्लगइन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॉग सांभाळणं आणि त्यासाठी छोटीमोठी प्लगइन्स (ब्लॉगला नवी कामं शिकवणारे कोडचे जोडतुकडे) लिहिणं हे दोन्ही उद्योग मी बरीच वर्षं करते आहे. त्याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. माझा ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉगप्रणालीवर आहे, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने जातात. फंक्शनांची (म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यांची) आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

सोशल मीडिया हाताशी असताना वेगळा ब्लॉग कशाला?

भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, म्हणून. तुम्ही दोन वर्षांपूर्वी एखाद्या अ‍ॅपवर लिहिलेली चांगली टिपणी आत्ता शोधून दाखवा. ब्लॉगवर तिला कायमचा पत्ता असतो, आणि सगळा मजकूर एका फाइलीत उचलून दुसरीकडे नेता येतो. वाचक तिथे जास्त मिळतात हे खरं आहे. दुवा तिथे टाका, लेख इथे ठेवा.

वर्डप्रेसच का? ह्यूगो किंवा जेकिलसारख्या साधनाने केलेली स्टॅटिक (पानं आधीच तयार करून ठेवलेली) साइट बरी नाही का?

बऱ्याच जणांसाठी बरी आहे, आणि मी तसं सांगतेही. महिन्याला एखादा लेख, प्रतिक्रिया नकोत, टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करायची भीती नाही, अशी स्थिती असेल तर स्टॅटिक साइट घ्या. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, म्हणजे फोडण्यासारखं कुलूपच नाही. मी वर्डप्रेसवर राहिले कारण मला फोनवरून लिहायला लागतं, प्रतिक्रिया हव्या असतात, आणि मोडतोड करायची खोड आहे.

आणखी एक कारण आहे. बी2 कॅफेलॉग नावाची एक ब्लॉगप्रणाली होती. तिच्या मूळ लेखकाने, मिशेल वाल्ड्रिगी यांनी, काम थांबवलं. पण कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता, म्हणून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तो उचलला आणि 2003 मध्ये त्यातून वर्डप्रेस निघालं. कर्ता बाजूला झाला तरी काम दुसऱ्याला पुढे नेता येतं, ही खात्री मला कुठल्याही सोयीपेक्षा मोठी वाटते. कोणतंही साधन निवडताना मी हाच प्रश्न आधी विचारते: हे उद्या बंद पडलं तर माझ्या हातात काय उरेल? पुढची बरीच उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

डोमेन (ब्लॉगचा पत्ता) आणि होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) एकाच कंपनीकडे घ्यावं का?

वेगवेगळं घ्या. होस्टशी भांडण झालं तर किमान पत्ता तरी तुमच्या हातात राहतो. आणि नूतनीकरणाच्या सूचना ज्या ईमेलवर येतात तो ईमेल त्याच डोमेनचा नको. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि सूचना आल्याचं कळायला मार्ग राहत नाही.

लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमन लिपीत?

मन म्हणतं देवनागरीत, अनुभव म्हणतो रोमनमध्ये. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचं टक्केचिन्हासह तीन अक्षरांत रूपांतर होतं, म्हणजे एका चिन्हाची 9 अक्षरं झाली. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगसाठी (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) 200 अक्षरांची जागा आहे. भागाकार करा: जेमतेम 22 चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे जरा लांब शीर्षक दिलं की पत्ता मध्येच तुटतो, आणि तो दुवा कुणाला मेसेजमध्ये पाठवला की टक्क्यांची रांगोळी दिसते.

मी प्रत्येक लेखाला तीन-चार शब्दांचा रोमन स्लग हाताने देते. तारीख पत्त्यात घालत नाही. मात्र जुने लेख देवनागरी पत्त्यावर प्रसिद्ध झाले असतील तर केवळ टापटीप दिसावी म्हणून ते बदलायला जाऊ नका. एखाद्या लेखाचा स्लग बदललात तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे पाठवतं, पण साइट दुसऱ्या प्रणालीवर हलवली की ती सोय संपते. मग प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी 301 रीडायरेक्ट (वाचकाला कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणारा नियम) स्वतः लिहीत बसावं लागतं.

देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

आठवड्याला एक अर्धा तास. अपडेट्स बघायचे, स्पॅम झाडायचा, बॅकअप झाला का ते पाहायचं. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा-अपडेट 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून आपोआप होतात. मोठी आवृत्ती मी आठवडाभर थांबून घेते. प्लगइन्स एकगठ्ठा अपडेट करत नाही, एकेक करते. एकदम दहा केली आणि साइट पडली तर चोर कोण ते ओळखणार कसं?

निष्क्रिय केलेली प्लगइन्स पूर्ण काढून टाका. निष्क्रिय असली तरी त्यांच्या फाइली सर्व्हरवर असतातच, आणि त्यात भोक असेल तर कोणी थेट त्या फाइलीपर्यंत पोचू शकतं.

बॅकअप किती वेळा घ्यावा?

जितकं पुन्हा लिहायला जिवावर येईल तितक्यांदा. लेख आणि प्रतिक्रिया डेटाबेसमध्ये असतात, फोटो अपलोड्स फोल्डरमध्ये, थीम (ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइली) आणि प्लगइन्स आणखी शेजारी. हे सगळं मिळून एक बॅकअप होतो. मी दोन वर्षं इमानदारीने रोज डेटाबेस उतरवून घेत होते, आणि सर्व्हर बिघडला त्या दिवशी लक्षात आलं की एकही फोटो त्यात नाही. लेख सगळे परत आले, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. काही फोटो जुन्या फोनमध्ये सापडले, बाकीचे गेले ते गेले.

त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत बॅकअप धरू नका. आणि वर्षातून दोनदा तो बॅकअप आपल्या लॅपटॉपवर उभा करून बघा. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती मनाची समजूत.

स्पॅम प्रतिक्रियांचं काय करायचं?

बॉटला (आपोआप अर्ज भरत फिरणाऱ्या प्रोग्रामला) मधाचं बोट लावायचं. प्रतिक्रियेच्या अर्जात एक जादा रकाना ठेवायचा आणि तो सीएसएसने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडने) लपवायचा. माणसाला तो दिसत नाही, म्हणून रिकामा राहतो. बॉट मात्र दिसेल तो रकाना भरत सुटतो. भरलेला आला की प्रतिक्रिया कचऱ्यात. पंधरा ओळींचं प्लगइन आहे आणि माझा बहुतेक त्रास त्याने संपला. शिवाय जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया ठरावीक दिवसांनी आपोआप बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये आहेच. अकिस्मेटसारखी स्पॅम गाळणारी सेवा वापरलीत तर वाचकाची प्रतिक्रिया तपासणीसाठी बाहेरच्या सर्व्हरवर जाते, हे गोपनीयतेच्या पानावर सांगून टाका.

मी प्रोग्रामर नाही. प्लगइन लिहिणं मला जमेल का?

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती, म्हणजे पीएचपी, थोडी वाचता आली तर जमेल. सगळ्यात लहान प्लगइन म्हणजे प्लगइन्स फोल्डरमधली एक पीएचपी फाइल, आणि तिच्या माथ्यावर प्लगइनचं नाव सांगणारी एक टिप्पणी. एवढं केलं की ते यादीत दिसतं.

खरी किल्ली म्हणजे हुक. वर्डप्रेस पान तयार करताना ठिकठिकाणी थांबून हाक मारतं: इथे कुणाला काही करायचं आहे का? तुमचं फंक्शन त्या हाकेला बांधून ठेवलेलं असेल तर त्याची पाळी येते. याला अ‍ॅक्शन म्हणतात. दुसरा प्रकार फिल्टर. त्यात वर्डप्रेस तुमच्या हातात एक वस्तू देतं, समजा लेखाचा मजकूर, आणि तुम्ही ती हवी तशी करून परत द्यायची असते. परत द्यायची असते हे ठळक लक्षात ठेवा. 'रिटर्न' लिहायला विसरलात की लेखाचा मजकूर साफ गायब होतो. पहिल्या प्लगइनमध्ये ही चूक बहुतेक सगळे करतात. मी तिसऱ्यातही केली.

एकाच हुकला अनेकजण बांधलेले असतील तर पाळी प्राधान्याच्या आकड्यावर ठरते. आकडा दिला नाही तर 10 धरला जातो, आणि लहान आकड्यावाल्याची पाळी आधी येते.

तोच कोड थीमच्या फंक्शन्स.पीएचपी फाइलीत टाकला तर?

चालतो, थीम बदलेपर्यंत. किंवा थीमचा अपडेट येऊन फाइल पुसली जाईपर्यंत. दिसण्याचं थीममध्ये, वागण्याचं प्लगइनमध्ये.

सुरुवातीला कोणतं प्लगइन लिहावं?

लेख वाचायला किती मिनिटं लागतील ते दाखवणारं. काम छोटं आहे, फिल्टर शिकून होतो, आणि मराठी मजकुरापुढे पीएचपी कुठे कुठे अडखळतं ते सगळं एकाच ठिकाणी भेटतं.

माझ्या पहिल्या प्रयत्नात प्रत्येक लेखावर '0 मिनिटं' असं झळकत होतं. मी शब्द मोजायला पीएचपीचं तयार 'स्ट्र_वर्ड_काउंट' वापरलं होतं, आणि त्याच्या लेखी देवनागरीतलं एकही अक्षर अक्षर नव्हतं. एका लेखात मात्र '1 मिनिट' आलं, कारण त्यात इंग्रजी कोडचा तुकडा होता! उपाय सोपा आहे: आधी एचटीएमएल टॅग काढायचे, मग 'प्रेग_स्प्लिट' वापरून मोकळ्या जागांवर मजकूर तोडायचा आणि तुकडे मोजायचे. पॅटर्नच्या शेवटी 'यू' हा दर्शक लावायचा, म्हणजे मजकूर यूटीएफ-8 म्हणून वाचला जातो. मिनिटाला किती शब्द हा आकडा मी कुठून आणला नाही. स्वतःचेच तीन लेख घड्याळ लावून वाचले आणि सरासरी घेतली.

लांबी मोजण्यातही अशीच गंमत आहे. 'मराठी' या शब्दाची लांबी 'स्ट्रलेन'ला विचारली तर उत्तर येतं 15, कारण ते बाइट मोजतं. 'एमबी_स्ट्रलेन' म्हणतं 5, कारण ते म, र, काना, ठ आणि वेलांटी वेगवेगळे धरतं. आपण बोटावर मोजतो ती 3 अक्षरं हवी असतील तर 'ग्राफीम_स्ट्रलेन' लागतं, आणि त्यासाठी सर्व्हरवर इंटल हे एक्स्टेन्शन सुरू असावं लागतं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण गोषवारा कापायला बाइट मोजणारं फंक्शन वापरलंत तर शेवटच्या अक्षराचे तुकडे होतात आणि वाचकाला प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. चिन्ह मोजणारं वापरलंत तर 'की'चा 'क' होऊ शकतो. म्हणून मी कापते ती फक्त शब्दाच्या हद्दीवर.

आणखी एक खास आपलं दुखणं: 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र. काही कीबोर्ड तो नुक्त्याच्या ऱ पासून बनवतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. ब्लॉगच्या शोधपेटीत डोळ्यांसमोरचा लेख का सापडत नाही याचं उत्तर मला यात मिळालं. आता लेख साठवतानाच एक छोटा फिल्टर दुसऱ्या प्रकारचा र पहिल्या प्रकारात बदलून टाकतो, आणि शोधायला टाकलेल्या शब्दावरही तोच फिल्टर चालतो.

प्लगइन सुरू केलं आणि साइट पांढरीफटक पडली. आता?

घाबरू नका, लेख जागच्या जागी आहेत. होस्टच्या फाइल मॅनेजरने किंवा एफटीपीने सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत जा आणि त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि साइट पुन्हा उभी राहते. 2019 मधल्या 5.2 आवृत्तीपासून अशा वेळी व्यवस्थापकाला दुरुस्तीच्या दुव्यासह ईमेलही येतो, पण सर्व्हरचा ईमेल नीट जात असेल तरच.

मग डीबग लॉग (चुकांची नोंदवही) सुरू करून कारण बघा. नेहमीचे संशयित दोन. एक, तुमच्या फंक्शनचं नाव आणखी कुणीतरी ठेवलेलं असतं. प्रत्येक नावाला स्वतःचा उपसर्ग लावा म्हणजे ही टक्कर होत नाही. दोन, ओळीच्या शेवटी राहून गेलेला अर्धविराम. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा आला तर फाइलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी पीएचपीच्या टॅगबाहेर एखादी रिकामी ओळ राहिली आहे का ते पाहा.

होस्टने पीएचपी बदललं आणि वर्षानुवर्षं चाललेलं प्लगइन मेलं. असं का?

भाषेतूनच काही गोष्टी काढल्या जातात. माझ्या एका जुन्या प्लगइनमध्ये 'क्रिएट_फंक्शन' होतं. 7.2 मध्ये ते कालबाह्य म्हणून जाहीर झालं, आणि 2020 मध्ये आलेल्या 8.0 मधून काढूनच टाकलं. मधली सगळी वर्षं लॉगमध्ये इशारे साठत होते. लॉग मी उघडलाच नव्हता.

सुरक्षेसाठी कमीत कमी काय पाळावं?

बाहेरून आलेलं काहीही आत घेताना स्वच्छ करा. पानावर छापताना 'एस्केप' करा (म्हणजे त्यातलं काही कोड म्हणून चालणार नाही असं करा), आणि हे अगदी छापण्याच्या क्षणी करा, आधी नाही. डेटाबेसला प्रश्न विचारताना वाक्यात बाहेरून आलेली किंमत थेट चिकटवू नका, ती सुरक्षितपणे बसवणारं 'प्रिपेअर' वापरा.

सगळ्यात जास्त घोटाळा परवानगीत होतो. 'इज_अ‍ॅडमिन' हे फंक्शन नावावरून वाटतं तसं माणूस व्यवस्थापक आहे का ते सांगत नाही. चालू विनंती व्यवस्थापन विभागातली आहे का एवढंच सांगतं. त्याच्या भरवशावर बांधलेलं कुलूप साध्या सदस्यालाही उघडता येतं. परवानगी 'करंट_यूजर_कॅन' याला विचारायची. त्याच्या जोडीला नॉन्स (अर्जासोबत जाणारा तात्पुरता संकेत) हवा. नॉन्स जास्तीत जास्त 24 तास चालतो आणि विनंती तुमच्याच अर्जातून आली का ते तपासतो. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसरं भागत नाही.

शॉर्टकोड वापरू की ब्लॉक?

प्लगइन काढल्यावर लेखात काय उरतं ते बघून ठरवा. शॉर्टकोड (लेखात चौकोनी कंसात लिहायचे आदेश) 2008 पासून आहेत आणि लिहायला फार सोपे, पण प्लगइन गेलं की चौकोनी कंस उघडे पडतात. मी तळटिपांसाठी एक शॉर्टकोड केला होता, आणि हौसेने शंभराहून जास्त लेखांत पेरला होता. तो बंद करायचा ठरवला तेव्हा सगळे लेख साफ करणारं आणखी एक प्लगइन लिहावं लागलं.

2018 च्या 5.0 आवृत्तीपासून आलेल्या ब्लॉक संपादकात (जिथे लेख परिच्छेद, चित्र अशा तुकड्यांनी बनतो) स्थिर ब्लॉक आपलं एचटीएमएल लेखातच साठवतो, म्हणून प्लगइन गेलं तरी मजकूर वाचता येतो. पान उघडताना तयार होणारा ब्लॉक मात्र प्लगइनबरोबरच गायब होतो. माझी पहिली पसंती या दोन्हींना नाही. लेख साधा ठेवायचा आणि पान दाखवताना फिल्टरने काय ते करायचं. वाचनाची मिनिटं, लेखमालेतला पुढचा-मागचा भाग, हे सगळं असंच होतं. प्लगइन काढा, लेखाच्या अंगावर ओरखडा नाही.

प्लगइनची माहिती कुठे साठवायची?

सेटिंग्ज ऑप्शन्स या वर्डप्रेसच्या तयार टेबलात, लेखागणिक बदलणारी माहिती पोस्ट मेटामध्ये (लेखाला जोडलेल्या नोंदींत). स्वतःचं टेबल लागतंच असं शंभरात एखाद्याच वेळी होतं. ऑप्शन्समधल्या बऱ्याच नोंदी प्रत्येक पानाला आपोआप वाचल्या जातात, तेव्हा तिथे मोठे ढिगारे टाकू नका. बाहेरच्या सेवेकडून आणलेलं काही असेल तर ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात) मुदत घालून ठेवा. आणि प्लगइन काढताना चालणारी अनइन्स्टॉल.पीएचपी लिहा, जाताना आपला कचरा आपण उचलावा.

ठरलेल्या वेळी लावलेला लेख उशिरा का प्रसिद्ध होतो?

वर्डप्रेसचं घड्याळ वाचक आल्यावरच चालतं. पहाटे कोणी फिरकलंच नाही तर लेख पहिल्या वाचकाची वाट बघत बसतो. सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीला) दर पंधरा मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन.पीएचपी या फाइलीला हाक मारायला सांगा.

एआयकडून प्लगइन लिहून घेतलं तर?

सांगाडा छान मिळतो, मीही घेते. पण अस्तित्वातच नसलेला हुक तो ठणकावून देतो, आणि परवानगीची तपासणी बरेचदा विसरतो. जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती चालू साइटवर टाकू नका. आधी लॅपटॉपवरच्या प्रतीवर चालवा.

माझं प्लगइन सगळ्यांसाठी वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात ठेवू का?

ठेवता येईल. परवाना जीपीएलशी जुळणारा हवा, आधी तपासणी होते, फाइली सबव्हर्जन या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने चढवाव्या लागतात, आणि मंजूर झालेला स्लग नंतर बदलता येत नाही, तेव्हा नाव विचार करून ठेवा. मजकूर भाषांतरयोग्य करा. एकवचन-अनेकवचन वेगळं हाताळायची सोय आहे, ती न वापरल्यामुळेच '1 प्रतिक्रिया आल्या' असली वाक्यं दिसतात. मात्र चढवलंत की अनोळखी लोक तुमच्याकडे दुरुस्त्या मागणार. माझी चार प्लगइन्स आहेत, संग्रहात एकच आहे, आणि ईमेल सगळे त्या एकाबद्दल येतात.

ब्लॉग बंद करायचा झाला तर?

आधी एक्सपोर्ट करून एक्सएमएल फाइल आणि अपलोड्स फोल्डर उतरवून घ्या. मग सगळ्या पानांची स्टॅटिक प्रत काढा आणि तीच जुन्या पत्त्यांवर ठेवा. प्रतिक्रिया आणि शोध बंद होतील, लेख मात्र वाचता येतील, आणि अपडेटची कटकट संपेल. मुख्य पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करायला सांगून ठेवा. डोमेन जमेल तितकी वर्षं आगाऊ भरा, कारण ते सुटलं की कोणीही विकत घेऊन तुमच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लावू शकतं.